व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधील ब्लीडर रेझिस्टर: उन्हाळा ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

ठाण्यातील माझ्या घरी असलेल्या व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये ४०० व्होल्ट डीसी असून, त्यासाठी २२० मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेले आहेत. दोहोंत मिळून जवळजवळ ९ ज्यूल ऊर्जा साठते आणि प्लग काढल्यानंतरही ती जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात मी प्रत्येक कपॅसिटरला समांतर असा १०० किलोओहम, २ वॉटचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर कायमचा सोल्डर केला; प्लग काढल्यावर साठलेली ऊर्जा उतरवणारा हाच ब्लीडर. हा अनुभव दिवाळीनंतरचा आहे.

मूल्य ठरवताना ओढाताण असते ती वेळ आणि उष्णता यांची. एकूण २२ किलोओहम वापरले असते, तर ४०० वरून ५० व्होल्टवर यायला पाचच सेकंद लागले असते, पण सेट चालू असेपर्यंत सात वॉटांहून अधिक उष्णता पेटीत कोंडली गेली असती. १ मेगओहमने उष्णतेचा प्रश्न सुटतो, मात्र तेवढ्याच उतरणीला जवळपास चार मिनिटे लागतात. २०० किलोओहमला पाऊण मिनिट पुरते आणि वाया जाणारी शक्ती ०.८ वॉट, म्हणजे प्रत्येकी ०.४ वॉट एवढीच राहते.

वॉटचा हिशेब बहुतेक जण करतात. व्होल्टचा मात्र राहून जातो. वरील १ मेगओहमच्या रेझिस्टरमध्ये ०.१६ वॉटच खर्च होतात, म्हणून पाव वॉटचा पुरेल असे कागदावर दिसते. परंतु साध्या पाव वॉटच्या रेझिस्टरची कमाल मर्यादा साधारणपणे २५० व्होल्ट असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किलोओहम आणि वॉट सांगितले की माल हाती पडतो, व्होल्ट आपणच विचारावे लागतात. दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घेतल्याने प्रत्येकाच्या वाट्याला २०० व्होल्टच येतात, शिवाय कपॅसिटरांची गळती कमीजास्त असली तरी त्यांच्यातील व्होल्टेजची वाटणी समतोल राहते.

सेट बंद केल्यावर तापलेले व्हॉल्व्हच काही क्षण करंट ओढत राहतात, त्यामुळे एरवी ब्लीडरची गरज जाणवत नाही. खरी कसोटी व्हॉल्व्ह काढून घेतलेली चाचणी ही होय, कारण तेव्हा भार नसतो आणि व्होल्टेज उलट वर चढते. त्या स्थितीतही मीटरवरचा आकडा पाऊण मिनिटाच्या जवळपास ५० च्या खाली उतरला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याच्या जुन्या सवयीपेक्षा हे कितीतरी बरे, कारण शॉर्ट काढल्यावर इलेक्ट्रोलिटिकमध्ये थोडे व्होल्टेज पुन्हा उगवते, तर कायम जोडलेला ब्लीडर तेही उतरवत राहतो.

पावसाळ्यातील दमट हवेनंतर एक पाय सुटा करून मोजले, तेव्हा दोन्ही मूल्ये पाच टक्क्यांच्या आत होती. रेझिस्टर मात्र कपॅसिटरला चिकटवून बसवू नयेत. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

ब्लीडर ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर बाहेरून कळत नाही, म्हणून हात घालण्यापूर्वी दोन्ही कपॅसिटरवर मल्टिमीटर लावणे मी अनिवार्य मानतो. खूण म्हणून निऑनचा दिवा जोडण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण तो साठेक व्होल्टच्या आसपासच विझतो, म्हणजे दिवा विझला तरी कपॅसिटर रिकामा झाला असे नाही.