झोपेतला ब्रेक: रत्नागिरीतला सावकाश हालचालींचा वर्ग

29 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी रत्नागिरी–कोल्हापूर. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी झोपेत माझा उजवा पाय ब्रेक दाबायचा आणि लाथ बायकोला बसायची. डॉक्टरांनी गोळी दिली, लेकीने या वर्गात नाव घातलं.

मारुती मंदिराजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांचा वर्ग आणि तीन जिने, हे डोकं कुणाचं?

मी योगासनं समजून गेलो होतो. ही पद्धत मोशे फेल्डनक्राइस यांची. माणूस पदार्थविज्ञानाचा, ज्युदो खेळणारा. गुडघा दुखावला तेव्हा स्वतःच्या अंगावरच शोध घेत बसला. जमिनीवर उताणं पडायचं, गुडघे उभे ठेवायचे, कंबरेखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं आणि कंबर बारावरून सहावर कलवायची. तेही ताकद न लावता, जमतं त्याच्या निम्मंच. मग गप्प पडून अंग कुठे टेकलंय, कुठे नाही, ते बघायचं. पहिल्या दिवशी वाटलं, 300 रुपये घेऊन झोपवतायत.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "काका, उजवी टाच काय करतेय बघा." बघितलं तर टाच चटईत रुतलेली. आडवा पडूनही मी गाडी थांबवत होतो! जबडाही आवळलेला. टाच सोडली आणि साखरप्याच्या पुढे एकदा गाडीसमोर आलेला पोरगा आठवला. वाचला होता तो. घरी कधी बोललो नव्हतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडमनी काही विचारलं नाही, पंखा तेवढा कमी केला.

गोळी बंद करा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, म्हणून विश्वास बसला. वर्गात लावतात ती बासरीची रेकॉर्ड मात्र बंद करा, तिच्यात स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. पावसाळ्यात लादी ओली लागते, जाड चटई घरून न्या. घाम गाळायचाय त्यांनी भाट्याच्या वाळूत पळावं.

परवा बायको म्हणाली, "अहो, हल्ली लाथ कमी बसते." बंद झाली असं नाही म्हणाली. पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत.