५०० येनात पाच घोट: एचिगो-युझावा स्टेशनातलं पोन्शुकान

आमची कामशेतजवळ भाताची गिरणी आहे. वडिलांच्या वेळी नुसता हलर होता, मी तूस काढायला रबर शेलर आणि तांदूळ घासून पांढरा करायला कोन पॉलिशर बसवला. दारूतलं मला बेताचंच कळतं, तांदळातलं कळतं. तेव्हा हे सगळं त्या हिशेबानंच वाचा.

मुलगी-जावई टोकियोत असतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो. पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी एका हॉटेलात साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पाजली. चहासारखी कढत, वास थेट नाकात. बिल बघून तर जास्तच लागली. तांदळाचं हे करतात होय, असं म्हणून मी विषय मिटवला होता. पण मुलगी ऐकेना. म्हणाली, "बाबा, एवढ्यावरून ठरवू नका. नीगाताला जाऊ, तिथं भातशेतीच आहे."

टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, नीगातातलं एचिगो-युझावा साधारण सव्वा तासावर. तिकीट माणशी साडेसहा हजार येनच्या आसपास, म्हणजे स्वस्त नाही. पण वाटेत एक बावीस किलोमीटरचा बोगदा लागतो. अलीकडे कोरडं ऊन होतं; पलीकडे निघालो तर घरांच्या छपरांवर पुरुषभर बर्फ. सौ. म्हणाली, "अगंबाई, आपण चुकीच्या गाडीत बसलो की काय!"

पोन्शुकान म्हणजे तिथलं साके चाखायचं ठिकाण. ते शोधावं लागत नाही, स्टेशनाच्या आतच आहे. दाराशी सुटाबुटातले दारुडे पुतळे, एक तर चक्क जमिनीवर आडवा. सौ.नं तिथंच नाक मुरडलं. आत काउंटरवर ५०० येन दिले की एक छोटा कप आणि पाच टोकनं हातात पडतात. समोर भिंतभर ओळीनं यंत्रं, शंभराच्या वर. नीगाता प्रांतात नव्वदच्या आसपास साके बनवणारे कारखाने आहेत, त्या सगळ्यांची साके या एका भिंतीवर. कप खाली धरायचा, टोकन टाकायचं, बटण दाबायचं. एक मोठा घोट होईल एवढी येते. भारीतल्या साकेला जास्त टोकनं लागतात, ते आधी बघून घ्या. खुर्ची नाही, सगळं उभ्यानं.

पहिलं टोकन मुलीनं टाकलं: 'जोझेन मिझुनोगोतोशी', याच युझावा गावातल्या शिराताकी कारखान्याची. नावाचा अर्थ 'उत्तम ते पाण्यासारखं'. खरोखर पाण्यासारखीच गेली, मागे किंचित गोडसर, पिकलेल्या पेरूसारखा वास. ही थंड होती, आणि टोकियोतल्या त्या कढत प्रकाराशी तिचं काही नातं आहे असं वाटेचना.

मग माझी नजर चिठ्ठीवरच्या आकड्यावर गेली: ६०%. मला वाटलं ही दारूची ताकद, दचकलोच. मुलगी हसायला लागली. ताकद पंधरा-सोळा टक्केच असते. साठ म्हणजे घासून उरलेला तांदूळ! तूस काढलेल्या शंभर किलो तांदळातला साठच किलो ठेवतात, चाळीस किलोची भुकटी. 'दायगिंजो' म्हणवायचं तर निम्मा किंवा त्याहून कमी उरायला हवा. आपण खायच्या तांदळाला फार तर दहा टक्के काढतो, त्यातही कणी जास्त पडली की गिऱ्हाईक गिरणीत येऊन भांडतं. इथं दाणा फुटू न देता दोन-दोन दिवस हळूहळू घासतात. पॉलिशरमधल्या एमरीच्या दगडावर तांदूळ तापला की काय होतं ते मला विचारा. जोझेनच्या त्या यंत्रापुढे मी चांगली पाच मिनिटं उभा होतो आणि मागे रांग लागली.

एवढं घासायचं कारण असं, की दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रथिनं आणि तेल जास्त. त्यानं चव जड होते. साकेच्या भाताचा दाणा मोठा असतो, पोटात पांढरा स्टार्चचा ठिपका. नीगाताचं असं वाण म्हणजे गोह्याकुमानगोकु. आमच्याकडे पांढऱ्या पोटाचा दाणा दिसला की व्यापारी भाव पाडतो. इथं त्यालाच मान! वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेची दारू करतं. या कोजीच्या विद्येला युनेस्कोनं डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

दुसरं टोकन 'हाक्काइसान'ला, तिसरं 'काकुरेई'ला. दोन्ही शेजारच्या मिनामी-उओनुमाच्या. हाक्काइसान कोरडी, सरळ, जेवणाबरोबर चालेल अशी. काकुरेईला अंग होतं. तोंडात भाताच्या पेजेची आठवण राहिली. मला हीच सगळ्यात आवडली. चौथी कुठली घेतली ते आता आठवत नाही, यावरून काय ते समजा.

मध्ये एका टेबलावर वेगवेगळ्या मिठांच्या वाट्या आहेत. शेजारच्या जपानी आजोबांनी मला खुणेनं दाखवलं: चिमूटभर मीठ हाताच्या पाठीवर, जिभेनं टिपायचं, वर घोट. मी जाड खड्याचं मीठ घेतलं. तीच हाक्काइसान, जी आधी कोरडी लागली होती, एकदम गोड वाटली. आजोबा माझं तोंड बघत होते, त्यांनी मान डोलावली. काकडी आणि मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली खारट चटणी, हेही मिळतं, त्याचे वेगळे पैसे. खारे शेंगदाणे मात्र मला फार आठवले.

न पिणाऱ्यांचं काय, हे सौ.ला विचारून लिहितो. स्टेशनात कोशिहिकारी तांदळाचे हातभर ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, मिळतात, तिनं त्यातला एक अख्खा संपवला. आपल्या इंद्रायणीसारखा चिकट आहे, पण वास नाही, असा तिचा निकाल. तो मला मान्य आहे. शाकाहाऱ्यांनी आत मासा आहे का ते विचारून घ्यावं. साके घातलेल्या गरम पाण्याचं स्नानगृहही तिथंच आहे, पण सगळ्यांबरोबर उघड्यानं आंघोळ म्हटल्यावर आम्ही दोघं लांबूनच परतलो.

जायचं तर पोटात काहीतरी घालून जा, दोन तास हाताशी ठेवा, आणि गाडी भाड्यानं घेतली असेल तर चालवणाऱ्यानं नुसता वास घ्यावा. जपानात तो कायदा फार कडक आहे.

शेजारच्या दुकानातून ३०० मिलीच्या चार बाटल्या घेतल्या. भारतात दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, आणि चेक-इनच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून चारही नीट आल्या. एक गिरणीवर फोडली. आमचा मिस्तरी तीस वर्षं पॉलिशर चालवतोय. त्याला चहाच्या ग्लासात जोझेन दिली आणि चाळीस टक्के तांदूळ घासून टाकतात हेही सांगितलं. त्यानं घोट घेतला, ग्लास उजेडात धरून बघितला.

"शेठ, धोवण झकास आहे," तो म्हणाला. "पण त्या भुकटीचं काय करतात?"