दिल्लीच्या दोन तासांसाठी बिझनेस क्लास: नेरुळहून काही महिने ये-जा केल्यानंतर

मुंबई–दिल्ली मार्गावर बिझनेस क्लास घ्यावा का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण मला विचारतात. माझं उत्तर असं आहे: संध्याकाळच्या परतीच्या विमानाला घ्यावा, सकाळी जाताना घेऊ नये. आणि अहमदाबाद, गोवा, हैदराबाद अशा तास-दीड तासाच्या उड्डाणांसाठी, शरीराची तशी खास गरज नसेल तर, घेऊच नये.

मी नवी मुंबईत नेरुळला राहते. पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते, त्यामुळे दिल्लीतल्या बैठका सुटत नाहीत. बहुतेक वेळा पहाटे निघायचं आणि रात्री घरी यायचं. गेल्या वर्षी कमरेतली गादी सरकली आणि फिजिओथेरपिस्टने बजावलं की एकाच कोनात तासन्‌तास बसायचं नाही. तिथून बिझनेसची तिकिटं काढायला सुरुवात केली. ती माझ्या छोट्या फर्मच्या, म्हणजे माझ्याच पैशातून काढलेली असतात. म्हणून हे सगळं इतक्या बारकाईने पाहिलं.

आधी सीटबद्दल, कारण पैसे मुख्यतः तिचेच असतात. आपल्याकडे ए३२० जातीच्या विमानात इकॉनॉमीची बैठक तीन-तीनची असते आणि सीट साधारण १८ इंच रुंद. बिझनेसमध्ये दोन-दोनची बैठक, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए३२० निओमध्ये बिझनेसच्या ८ सीट आहेत. दोन रांगांतलं अंतर ४० इंच आणि पाठ ७ इंच मागे जाते. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाने आपला बिझनेस क्लास सुरू केला. त्यात १२ सीट, अंतर ३८ इंच, रुंदी २१.३ इंच आणि पाठ ५ इंच मागे. इकॉनॉमीत हेच अंतर २८ ते ३० इंच असतं. या दहा इंचांचा अर्थ असा की गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत, पाय लांब करून घोटे फिरवता येतात आणि शेजाऱ्याला न उठवता बूड जरा इकडून तिकडे सरकवता येतं. कमरेच्या दुखण्यात हे सरकवता येणंच सगळ्यात मोलाचं आहे.

युरोपात छोट्या उड्डाणांवर बिझनेस म्हणजे बऱ्याच कंपन्यांमध्ये इकॉनॉमीचीच सीट असते, फक्त मधली रिकामी ठेवतात. त्या मानाने आपल्याकडे दोन तासांच्या प्रवासाला खरोखर वेगळी, रुंद सीट मिळते. हे मला मनापासून चांगलं वाटतं.

पण रुंद सीट म्हणजे कमरेला बरी सीट, असं मात्र नाही. जुन्या विमानांतल्या चामडी गाद्या मध्ये दबलेल्या असतात. त्यात बसलं की कंबर मागे जाते, पाठीचा खालचा भाग अधांतरी राहतो. मी आता एक छोटा टॉवेल गुंडाळून कमरेमागे ठेवते आणि कोणत्याही क्लासमध्ये तो ठेवतेच. नव्या सीटची गादी कडक आहे. पहिल्यांदा ती बोचते, पण उतरताना कंबर धरलेली नसते. तिकीट काढताना म्हणूनच वेळेइतकंच विमान कोणतं आहे तेही बघा. पहिली रांग ऐसपैस दिसते, पण पुढे भिंत असल्यामुळे टेकऑफ-लँडिंगला पर्ससुद्धा पायाशी ठेवता येत नाही. मला दुसरी रांग, आतल्या बाजूची म्हणजे मधल्या वाटेलगतची सीट आवडते. मनात आलं की उठून उभं राहता येतं.

पाठ मागे टेकायला नक्की किती वेळ मिळतो? मुंबई–दिल्ली वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दाखवतात. त्यातून दोन्हीकडे विमान जमिनीवर सरकतं तो वेळ, आणि ते वर चढण्याचा नि खाली उतरण्याचा वेळ काढा. सीट सरळ ठेवण्याच्या सूचना आणि जेवणाचे ट्रे काढा. उरतो तास-सव्वा तास. गोव्याच्या उड्डाणात तर वीस-पंचवीस मिनिटंही धड मिळत नाहीत. छोट्या मार्गांवर घेऊ नका म्हणते ते याचसाठी.

मग परतीलाच का? कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. संध्याकाळी गर्दी वाढली की विमानं आकाशात घिरट्या घालतात, नाहीतर दिल्लीतच दार लावून थांबवून ठेवतात. पावसाळ्यात हे नेहमीचंच, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे दिवसभराचं वेळापत्रक मागे सरकत जातं ते वेगळंच. सव्वादोन तासांचा प्रवास सीटवर साडेतीन तासांचा होतो तो बहुधा रात्री, आणि तेव्हा आपण दिवसभराच्या बैठकांनी आधीच पिळून निघालेलो असतो. रुंद सीटचे पैसे खरे वसूल होतात ते विमान उडण्याची वाट बघताना. सकाळी शरीर ताजं असतं, पहाटेची विमानं बऱ्याचदा वेळेवर सुटतात, आणि इकॉनॉमीत आतल्या बाजूची सीट आधीच धरून ठेवली की माझं भागतं.

जमिनीवरच्या सोयी म्हणून ज्या सांगतात, त्यांतल्या काही खऱ्या आहेत. चेक-इनचा वेगळा काउंटर सामान असेल तर कामाचा. सुरक्षा तपासणीची वेगळी रांग गर्दीच्या सकाळी चांगलाच वेळ वाचवते. टर्मिनलमध्ये शिरताना मात्र डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप, वापरणाऱ्या कोणालाही तीच सोय मिळते, तिच्यासाठी एक रुपया जास्त लागत नाही. एअर इंडियात हातातल्या बॅगेला ७ ऐवजी १० किलो चालतात. लॅपटॉप आणि अहवालांच्या फायली नेणाऱ्याला हा फरक कळतो. प्राधान्याचा टॅग लावलेली बॅग पट्ट्यावर आधी येतेच असं नाही. कधी पहिली येते, कधी सगळ्यांबरोबर. आणि विमान एरोब्रिजला न लागता लांब उभं केलं, तर आधी उतरून उपयोग काय, बस भरेपर्यंत थांबायचंच.

लाउंजवर मी विसंबत नाही. क्रेडिट कार्डवर प्रवेश मिळू लागल्यापासून सकाळी सहाला तिथे बसायला खुर्ची शोधावी लागते. बिझनेसच्या प्रत्येक तिकिटात लाउंज असतोच असंही नाही, तिकिटावर वाचून घ्या. मी गेटजवळ चालत राहते, कमरेला तेच बरं.

जेवण नीट असतं, इतकंच. काही कंपन्या चिनी मातीच्या ताटलीत गरम वाढतात, काही डब्यात देतात. आणि दारूचा विचार करून कोणी तिकीट काढत असेल तर आधीच सांगते, देशांतर्गत विमानांत ती कोणत्याच वर्गात देत नाहीत.

आईचा अनुभव वेगळा सांगायला हवा, कारण पुष्कळ जण आईवडिलांसाठी म्हणून हे तिकीट काढतात. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. एकदा तिला दिल्लीला भावाकडे नेताना मी हौसेने बिझनेस घेतला. पाय पसरायला जागा मिळाली, ती खूश होती. पण उठताना वेगळीच अडचण आली. बिझनेसच्या सीटचा हात जाड आणि पक्का असतो, तो वर होत नाही, त्यामुळे बाजूला सरकून पाय बाहेर काढता येत नाहीत. इकॉनॉमीत आतल्या बाजूचा हात बऱ्याच विमानांत खालची कळ दाबून वर करता येतो. कर्मचाऱ्यांना सांगितलं की ते करून देतात. परतीला आई इकॉनॉमीत बसली आणि उठताना तिला कोणाचा आधारसुद्धा लागला नाही. शिवाय व्हीलचेअरच्या मदतीसाठी बिझनेसचं तिकीट लागत नाही, ती कोणत्याही वर्गात मागता येते. तेव्हा गुडघ्यांसाठी तिकीट काढत असाल तर आधी सीटचा हात कसा आहे ते विचारा. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे एवढं लांबवून लिहिते आहे.

आता एक नियम, जो बिझनेसने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा. एका संध्याकाळी ऐनवेळी विमान बदललं, बदली विमानात बिझनेसच्या सीट कमी होत्या आणि मला इकॉनॉमीत बसवलं. काउंटरवरच्या मुलाने सॉरी म्हणून पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केलं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: देशांतर्गत प्रवासात प्रवाशाच्या मनाविरुद्ध वर्ग खाली आणला, तर करांसकट तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची. मी कूपन नाकारलं, वर्ग बदलल्याचं तिथेच लेखी मागून घेतलं आणि नियमाचा उल्लेख करून मेल केला. दोन-तीन वेळा पाठपुरावा करावा लागला, पण पैसे आले. तिथल्या मुलावर आवाज चढवायची गरज नव्हती, कागद पुरला. जुना बोर्डिंग पास तेवढा सांभाळून ठेवा.

पैशांचं बोलायचं तर भाव कधीच एक नसतो. ‘स्ट्रेच’ जाहीर झालं तेव्हा एका बाजूचं तिकीट १८,०१८ रुपयांपासून होतं. मला इकॉनॉमीच्या दुप्पट ते चौपट असा फरक दिसत आला आहे. सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ सगळ्यात महाग, बुधवार-शनिवार त्या मानाने बरे. जीएसटीतला फरक विसरू नका. इकॉनॉमीवर ५ टक्के, आणि बिझनेसवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चे १८ टक्के झाले. फर्म नोंदलेली असेल आणि प्रवास कामाचा असेल तर तो कर वजा करून घेता येतो, म्हणून बुकिंग करतानाच जीएसटी क्रमांक टाका. घरच्या प्रवासाला तो पूर्ण आपल्यावरच पडतो. काही कंपन्या प्रवासाच्या आधी अपग्रेड देऊ करतात, काहींकडे बोली लावता येते. मी आता हाच मार्ग धरला आहे: परतीचं तिकीट इकॉनॉमीचं, पण तारीख बदलता येईल असं काढायचं आणि अपग्रेडचा भाव मूळ तिकिटाच्या आसपास आला तरच घ्यायचा. त्याहून वर गेला तर सोडून देते. बैठक लांबली तर विमान बदलता येणं मला खिडकीपेक्षा आणि जेवणापेक्षा जास्त हवं असतं.

हे सगळं गणित नवी मुंबईकरांसाठी आणखी एका गोष्टीने बदललं आहे. नेरुळहून सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, जायचं म्हणजे सायन–पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, छेडानगर आणि पुढचा लिंक रोड. पहाटे चारला हा रस्ता मोकळा असतो. रात्री परतताना किंवा पावसात कधी दीड तास, कधी दोन. माझ्या कमरेची वाट विमानापेक्षा टॅक्सीत जास्त लागते. खड्डे, ब्रेक, पुन्हा खड्डे. त्यावर कोणत्याही क्लासचा इलाज नाही.

२५ डिसेंबर २०२५ ला उलव्याजवळचं नवी मुंबई विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झालं आणि माझ्या दारातून विमानापर्यंतचं अंतर एकदम आटलं. सुरुवातीला तिथली विमानं सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत होती, त्यामुळे पहाटे निघायला सहारच गाठावं लागायचं. पहिल्या दिवसापासून इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर तिथून उडू लागल्या. यातल्या बहुतेक विमानांत बिझनेस नाहीच. स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ मध्ये मात्र ७६ पैकी १२ सीट बिझनेसच्या आहेत.

मी दोन्ही करून पाहिलं. सहारला उतरणारं बिझनेस आणि उलव्याला उतरणारं इकॉनॉमी, यांत दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कंबर उलव्याच्या बाजूने आहे. रस्त्यावरचा तास वाचतो, टॅक्सीचे पैसे वाचतात, आणि घरी येऊन पाठ टेकायला रात्रीचे बारा वाजत नाहीत. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेलला राहणाऱ्यांनी तिकीट काढताना आधी विमानतळ बघावा, मग वर्ग. ठाण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे लागू पडत नाही; घोडबंदरहून तिला सहारच जवळ पडतं. दोन तासांच्या प्रवासात पैसे घालायचेच असतील तर तिने संध्याकाळच्या त्या रुंद सीटवर घालावेत, आणि ती तसंच करते.

या महिनाअखेरीला पुन्हा दिल्ली आहे. सकाळी सहारहून इकॉनॉमी, आतली सीट. परतीचं अजून काढलं नाही. उलव्याला सातच्या आत उतरणारं मिळालं तर ते, नाहीतर अपग्रेडचा भाव बघणार.