उद्योजिका ट्रेनिंगच्या नावाने पैसे घेतात, कर्ज काही मिळत नाही. आमच्या बचत गटाचा अनुभव

हे मुद्दाम लिहितेय कारण ही माणसं गावं बदलत फिरतात, आज आमच्याकडे झालं उद्या तुमच्याकडे येतील. मी सोलापूरजवळच्या एका गावात राहते, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. गटातल्या बाकीच्या बायकांपैकी कुणी पापड करतं, कुणी बाजारात भाजी लावतं, एकीची चहाची गाडी आहे.

गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मेसेज फॉरवर्ड केला, ‘लखपती दीदी उद्योजकता प्रशिक्षण, तीन दिवस, सर्टिफिकेट मिळेल, नंतर मुद्रा लोन ३५ टक्के सबसिडीसह’. आता लखपती दीदी हे सरकारचं आहेच, उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) मीटिंगमध्ये आमच्या सीआरपी ताई, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या, पण तेच बोलतात, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मंगल कार्यालयात बॅनर, त्यावर अशोकस्तंभ, खाली ‘एमएसएमई भारत सरकार नोंदणीकृत’ आणि एक लांबलचक नंबर. फी अडीच हजार.

त्या नंबरचं आधी सांगते, कारण सगळा खेळ त्यावर चालतो. तो नंबर म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या धंद्यांची (एमएसएमईची) सरकारी नोंद. २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधारवर होते, एक रुपया लागत नाही, माझी होते, तुमची होते, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची पण होते. ट्रेनिंग घेणाऱ्या सरांनी स्वतःच्या दुकानाची तशी नोंदणी केली आणि नंबर बॅनरवर छापला. सरकारने त्यांना शिकवायची परवानगी दिली असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. पण छापलेलं असं असतं की बघणाऱ्याला सरकारी संस्थाच वाटते.

ट्रेनिंगमध्ये काय झालं तर टाळ्या. उभं राहा, हात वर करा, मी करोडपती होणार म्हणा. मी विचारलं की सर कडक भाकरीत तूट फार होते, शंभर पाठवल्या की काही मोडूनच पोचतात आणि हॉटेलवाला त्याचे पैसे कापतो, तर रेट कसा लावायचा. सर म्हणाले, ‘ताई, मोडलेल्या भाकरीकडे नका बघू, मानसिकता मोठी ठेवा.’ सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण तेवढंच तर शिकायला आलो होतो ना आम्ही. हिशोबाची वही ठेवायची कशी, उधारी लिहायची कशी, घरखर्चाचा गल्ला आणि धंद्याचा गल्ला वेगळा कसा ठेवायचा, यातलं एक अक्षर तीन दिवसांत निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी खरा धंदा सुरू झाला. एकेकीला टेबलाजवळ बोलवायचे. उद्यम नोंदणीचे दीड हजार, फूड लायसनचे तीन हजार, लोनच्या फाईलचे ४९९९. फूड लायसन म्हणतात ते आमच्यासारख्यांसाठी नुसतं रजिस्ट्रेशन असतं, त्याची सरकारी फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. पैसे सगळे क्यूआर कोडवर, आणि स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येत नव्हतं, एका माणसाचं येत होतं. एकीने विचारलं तर ‘आमचे अकाउंटंट आहेत’. आधार, पॅन, पासबुकच्या झेरॉक्स घेतल्या, फोनवर आलेला ओटीपी पण वाचून दाखवायला लावला.

मग दोन महिने ‘फाईल बँकेत आहे’. शेवटी आम्ही काहीजणी स्वतःच बँकेत गेलो, सर्टिफिकेट घेऊन. मॅडमनी ते बघितलं आणि बाजूला ठेवलं. फाईल वगैरे काहीच आलेली नव्हती. मॅडम म्हणाल्या की मुद्राला सबसिडी नसतेच मुळात. शिशु मुद्रा, म्हणजे त्यातलं सगळ्यात लहान कर्ज, ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही, बहुतेक बँका त्याला प्रोसेसिंग फी पण घेत नाहीत, आणि असलं सर्टिफिकेट तर कुणीच मागत नाही. ३५ टक्के आहे ते वेगळ्या योजनेत, खाद्यपदार्थवाल्यांसाठी २०२० मध्ये आलेली पीएमएफएमई. त्यातही आपले १० टक्के घालावे लागतात, आणि सबसिडी हातात देत नाहीत, कर्जाच्या खात्याशी तीन वर्षं अडकून राहते, मग वळती होते. त्याचा अर्ज भरून द्यायला जिल्ह्यात माणसं नेमलेली असतात, त्यांना पैसे सरकार देतं, आपण द्यायचे नसतात. म्हणजे सरांनी दोन योजना मिसळून तिसरीच तयार केली होती जी कुठल्याच बँकेत नाही.

माझ्या मते ट्रेनिंग हा नुसता मांडव होता, विकत होते ती कर्जाची आशा. नाहीतर अडीच हजार कुणी भरले नसते, कारण खरं ट्रेनिंग फुकटच मिळतं. आरसेटी म्हणून संस्था असते बँकेची, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, राहणं जेवण सगळं तिथेच, पैसे नाहीत. आमच्यातल्या दोघी नंतर तिथे पापड-लोणचं-मसाल्याच्या दहा दिवसांच्या कोर्सला गेल्या. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा काय करायला लावलं तर पापडाचा खर्च मांडायला, डाळ, तेल, गॅस, पिशवी, मोडतोड आणि स्वतःची मजुरी. मजुरी लिहिल्यावर कळलं की आमची पापडवाली वर्षभर तोट्यात विकत होती. मी पण मग तसाच भाकरीचा हिशोब मांडला, तूट धरून, आणि हॉटेलवाल्याला नवीन रेट सांगितला. कुरकुरला पण घेतो.

पैशांचं म्हणाल तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, पण ऑनलाइन फसवणुकीत लगेच केला तर पैसे अडवता येतात, दोन महिन्यांनी कुठले राहतात खात्यात. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथे पहिला प्रश्न, पावती कुठाय. पावती एकीकडेच होती कारण तिचा नवरा हट्टाने मागत बसला होता, आणि तिलाच सरांनी गुपचूप फाईलचे पैसे परत केले. बाकीच्यांकडे यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, ते जोडलेत.

अजून एक त्रास आहे जो कुणी सांगत नाही. आमच्या उद्यम नोंदण्या त्यांनी खरंच केल्यात, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकलाय. आता मला त्यात काही बदलायचं म्हटलं तर ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि आधारवर एकच नोंदणी होते म्हणून दुसरी पण काढता येत नाही. तुमची कुणी काढून दिली असेल तर सर्टिफिकेटवर नंबर कुणाचा आहे ते आजच बघा. मी जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज दिलाय, ते म्हणतात होईल दुरुस्त.

परवा भाचीने बार्शीकडून फोटो पाठवला, तेच सर, तोच अशोकस्तंभ, संस्थेचं नाव तेवढं नवीन. फी आता २९९९ केलीय.