दर महिन्याच्या २५ तारखेला, रात्री साडेनऊ वाजता

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ एका ट्रान्सपोर्टरचं ऑफिस आहे. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) काढायचं, गाड्यांचा हिशोब ठेवायचं आणि ई-वे बिलाची माहिती तयार करायचं त्यांचं सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. ऑफिसातल्याच ८ जीबी रॅमच्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर, टॉमकॅट ९ वर ते चालतं; टॉमकॅट म्हणजे जावातली वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. डेटाबेस मायएसक्यूएल. सॉफ्टवेअर ज्याने बनवून दिलं त्यानेच देखभालीचं कामही घेतलं होतं. अकरा महिन्यांत ऑफिसाने त्याला ठरलेल्या देखभालीवर आणखी ९१,००० रुपये दिले. त्यात ३८,००० 'टॉमकॅट एंटरप्राइज लायसन्स'चे, १२,५०० 'एक वर्षाच्या एसएसएल'चे (ब्राउझर आणि सर्व्हरमधला संवाद सुरक्षित करणारं सर्टिफिकेट), आणि नऊ 'इमर्जन्सी व्हिजिट'चे प्रत्येकी ४,५००. मालकांच्या संमतीने, कुणाचंही नाव न घेता हा सगळा प्रकार इथे मांडला आहे. ठाणे, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात असंच स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर वापरणारी शेकडो ऑफिसं असतील, आणि त्यांच्याकडे बिल तपासणारं कुणी नसतं.

आधी लायसन्स. 'टॉमकॅट एंटरप्राइज' नावाची वस्तूच नाही. टॉमकॅट अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा आहे, अपाची लायसन्स २.० खाली मोफत मिळतो, धंद्यासाठी वापरला तरी मोफतच. त्याला मुदत नसते, नूतनीकरण नसतं, किल्ली नसते. तपासायचं असेल तर टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची फाइल असते ती उघडा, आणि बिन फोल्डरमधली व्हर्जन डॉट एसएच ही स्क्रिप्ट चालवा. सर्व्हर व्हर्जनच्या ओळीत 'अपाची टॉमकॅट' आणि आकडा एवढंच दिसतं. लावून देण्याची, सांभाळण्याची मजुरी घेणं योग्यच आहे. पण मग बिलावर मजुरी असं लिहावं. बसवायची आणि दुरुस्तीची वेगळी बिलं या माणसाने दिलीच होती.

त्याने मालकांना घाबरवलं ते एका अर्ध्या खऱ्या गोष्टीवर: "शेठ, जावाचं लायसन्स आता पेड झालंय, नोटीस आली तर लाखांत जाईल." ओरॅकल कंपनीच्या जावाचा व्यावसायिक वापर काही आवृत्त्यांत विकतचा आहे, हे खरं. एप्रिल २०१९ पासून आलेली जावा ८ ची अपडेट्स त्यात येतात. पण या मशीनवर ओरॅकलची जावा नव्हतीच. 'जावा -व्हर्जन' एवढीच आज्ञा द्या. 'ओपनजेडीके रनटाइम एन्व्हायर्नमेंट' असं आलं तर ती जावाची मोफत, खुली आवृत्ती आहे, प्रश्न मिटला. 'जावा टीएम एसई रनटाइम एन्व्हायर्नमेंट' असं आलं तर ती ओरॅकलची आहे, तेव्हा आवृत्ती बघून अटी वाचा, नाहीतर टेम्युरिनसारखी मोफत ओपनजेडीके बसवा. साध्या टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशनला या बदलाने बहुधा काहीच फरक पडत नाही.

एसएसएलचं तर ब्राउझरमध्येच दिसत होतं. पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट उघडलं की 'इश्यूड बाय' खाली देणाऱ्याचं नाव येतं. तिथे होतं 'लेट्स एन्क्रिप्ट'. ही संस्था सर्टिफिकेट फुकट देते, एका सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस, आणि सर्टबॉट नावाचा मोफत प्रोग्राम ते आपोआप नवं करतो. वर्षाचं विकतचं सर्टिफिकेट म्हणून १२,५०० घेतले आणि बसवलं हे.

आता व्हिजिट. इथे नीट थांबायला हवं, कारण नऊच्या नऊ खेपा खोट्या नव्हत्या. टॉमकॅट खरोखर अडतो, आणि अडण्याची कारणं वेगवेगळी असतात. 'सर्व्हर पडला' या दोन शब्दांखाली ती सगळी झाकली जातात, आणि फसवणाऱ्याला तेवढंच पुरतं.

तीन खेपा सकाळच्या होत्या. ऑफिस उघडलं की पहिली बिल्टी निघायची नाही, पडद्यावर 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर'. हा दोष ओळखीचा आहे. मायएसक्यूएल रिकामी बसलेली जोडणी ८ तासांनी, म्हणजे २८,८०० सेकंदांनी, तोडून टाकतं. टॉमकॅटने मात्र ती जोडणी आपल्या पूलमध्ये (तयार जोडण्यांच्या साठ्यात) जिवंत समजून ठेवलेली असते आणि सकाळी तीच मेलेली जोडणी अ‍ॅप्लिकेशनच्या हाती देतो. इथे टॉमकॅट जेडीबीसी पूल वापरला होता, आणि त्यात जोडणी देण्याआधी तपासायचं 'टेस्ट ऑन बॉरो' मुळात बंद असतं. ते चालू करायचं आणि 'व्हॅलिडेशन क्वेरी'त 'सिलेक्ट १' लिहायचं. कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत दोन शब्दांचं काम. त्याने तिन्ही वेळा फक्त टॉमकॅट बंद करून चालू केला, त्याने जोडण्या नव्या झाल्या, आणि दोष जागच्या जागी राहिला. माहीत नसेल असं पहिल्या खेपेला म्हणता येईल. तिसऱ्या खेपेला म्हणता येत नाही.

एका खेपेला लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) 'आउट ऑफ मेमरी एरर: जावा हीप स्पेस' होतं. सेटएन्व्ह डॉट एसएच ही सेटिंगची फाइल उघडल्यावर दिसलं, कमाल हीप, म्हणजे जावाला वापरायला दिलेली मेमरी, २५६ एमबी. काहीच लिहिलं नसतं तर जावाने मशीनच्या रॅमचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे २ जीबी, स्वतःहून धरला असता. आकडा त्यानेच घातलेला. वर 'रॅम वाढवावी लागेल' असा सल्ला.

उरलेल्या पाच खेपा म्हणजे खरा डाव. देखभालीचा दर कमी करा असं मालकांनी सांगितलं, त्याच्या पुढच्या महिन्यापासून दर २५ तारखेला रात्री सर्व्हर बंद. महिनाअखेर, गाड्या भरून उभ्या, बिल्टी निघत नाही, ड्रायव्हर खोळंबलेले. अशा वेळी ४,५०० कोण नाकारणार?

टॉमकॅट कसा थांबला हे त्याच्या लॉगमध्ये उमटतं, आणि प्रत्येक प्रकाराचा ठसा वेगळा असतो. म्हणून लॉग्ज फोल्डरमधली कॅटालिना डॉट आउट आधी उघडायची आणि थांबण्याच्या क्षणाआधीच्या वीस-तीस ओळी वाचायच्या. हीप भरली असेल तर वर सांगितलेली ओळ असते. लिनक्सनेच रॅम अपुरी पडून प्रक्रिया मारली असेल तर टॉमकॅटचा लॉग मध्येच तुटतो, निरोपाची एकही ओळ नसते, आणि 'डीमेसेज' या आज्ञेत 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' सापडतं. वीज गेली असेल तरी लॉग असाच तुटतो, पण मग 'लास्ट रीबूट' मध्ये मशीन त्या वेळेला पुन्हा सुरू झाल्याची नोंद असते. 'सिस्टीमसीटीएल' आज्ञेने (तिच्या सर्व्हिस फाइलीत शटडाउन डॉट एसएच लावलेलं नसेल तर) किंवा साध्या 'किल' आज्ञेने थांबवला असेल तर 'पॉझिंग प्रोटोकॉल हँडलर', 'स्टॉपिंग सर्व्हिस कॅटालिना' अशा ओळी ओळीने येतात.

आणि टॉमकॅटची शटडाउन डॉट एसएच ही स्क्रिप्ट चालवून थांबवला असेल, तर या सगळ्यांच्या आधी एक ओळ येते: 'अ व्हॅलिड शटडाउन कमांड वॉज रिसीव्ह्ड व्हाया द शटडाउन पोर्ट. स्टॉपिंग द सर्व्हर इन्स्टन्स.' म्हणजे ८००५ या पोर्टवर (मशीनमध्ये संदेश येण्याच्या क्रमांकित दारावर) ठरलेला शब्द पाठवून कुणीतरी सर्व्हरला थांब म्हणून सांगितलं. बिघाडात ही ओळ येत नाही.

ती ओळ पाच वेळा होती. पाचही वेळा २५ तारीख, २१ वाजून ३० मिनिटं, पहिले दोन-तीन सेकंद. वेळ ठरलेली आहे एवढ्यावरून संशय घेऊ नका, डेटाबेसचा सकाळचा दोषही ठरल्या वेळेलाच येतो. वेळ आणि ही ओळ दोन्ही जुळल्यावरच क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, बघायचं ठरलं. रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या, क्रॉनटॅबमध्ये काही नव्हतं. व्हार, स्पूल, क्रॉन, क्रॉनटॅब्ज या फोल्डरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी फाइल असते. त्या पुरवठादाराने स्वतःसाठी उघडलेल्या खात्याच्या फाइलीत ओळ सापडली: मिनिट ३०, तास २१, तारीख २५, महिना कोणताही, आणि पुढे शटडाउन डॉट एसएचचा पूर्ण मार्ग. सिसलॉगमध्ये (मशीनच्या स्वतःच्या लॉगमध्ये) त्याच सेकंदाला त्याच खात्याच्या नावाने क्रॉनची नोंद होती, पण फक्त शेवटच्या महिन्याची. जुना सिसलॉग काही आठवड्यांत पुसला जातो. टॉमकॅट ९ च्या तारीखवार लॉग फाइलीही मूळ मांडणीत ९० दिवसांनी जातात. कॅटालिना डॉट आउट मात्र कुणी हाताने पुसली नाही तर वाढतच राहते, म्हणून पाच महिन्यांचा पुरावा शिल्लक राहिला.

हे सापडलं की हात शिवशिवतात. ओळ काढून टाकावी, सगळं नव्याने बसवावं असं वाटतं. तसं करू नका. आधी लॉग्ज, कॉन्फ आणि व्हार-लॉग फोल्डर, सगळ्या खात्यांची क्रॉनटॅब, आणि 'लास्ट' या आज्ञेचं उत्तर वेगळ्या डिस्कवर उतरवा. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीचा डिजिटल ठसा) काढून तारखेसह कागदावर घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश द्यावा लागतो. मगच दुरुस्ती. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक बंद पाडणं माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कळंबोली नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा; जुन्या बिलांच्या अशा प्रकरणात लेखी तक्रार आणि कागदपत्रं लागतात.

दुरुस्तीत नुसतं त्याचं खातं बंद करून भागत नाही. या मशीनवर आत यायच्या पाच वाटा निघाल्या. रूटच्या ऑथराइज्ड कीज फाइलीत (पासवर्डशिवाय कुणाला आत घ्यायचं त्याची यादी) त्याची किल्ली. टॉमकॅट-युजर्स डॉट एक्सएमएलमध्ये 'मॅनेजर-जीयूआय' भूमिकेचा एक वापरकर्ता. मूळ टॉमकॅटमध्ये असा एकही चालू वापरकर्ता नसतो. मॅनेजर, म्हणजे टॉमकॅटचं नियंत्रणाचं पान, फक्त त्याच मशीनवरून उघडावा अशी मूळ अट असते, तीही काढलेली. राउटरवर २२ नंबरचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं, पोर्ट बाहेर उघडं. आणि डेटाबेसचा पासवर्ड, जो कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, म्हणजे फाइल पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक. हे सगळं एकाच बैठकीत बदलायचं, निम्मं आज निम्मं उद्या नाही. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये शटडाउन पोर्ट -१ केलं की ८००५ ची वाट बंद होते. मग शटडाउन डॉट एसएच त्या वाटेने चालत नाही, थांबवायचं ते सिस्टीमडी या लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या भागामार्फत. ८००९ पोर्टवरचं एजेपी (दुसऱ्या वेब सर्व्हरशी जोडायची वाट) वापरात नसेल तर तेही बंदच ठेवा.

नव्या माणसाकडे काम देताना एक जुना सापळा लक्षात असू द्या. 'लेटेस्ट टाकून देतो' म्हणत टॉमकॅट १० बसवला की जुनी वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचं तयार गाठोडं) चालत नाही, कारण १० पासून 'जावाएक्स' नावाची पॅकेजेस 'जकार्ता' झाली. मग 'सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागेल' असं सांगून मोठा आकडा पुढे येतो. टॉमकॅट १० मध्ये 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर ठेवली तर ती आपोआप रूपांतरित होते. प्रत्येक वेळी साधतंच असं नाही, पण पुनर्लेखनाचे पैसे मोजण्याआधी हे दहा मिनिटांत करून बघता येतं.

या ऑफिसाचे दोन प्रश्न अजून सुटलेले नाहीत. डोमेन त्या माणसाच्या नावावर नोंदलेलं आहे, आणि सोर्स कोड त्याने दिलेला नाही. मशीनवर फक्त वॉर आहे, तिच्यात क्लास फाइली, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड नव्हे तर मशीनसाठी रूपांतरित केलेला. डिकंपाइल (उलट रूपांतर) करून कोड वाचता येतो, त्यात तारखेवर बंद पडणारी अट आहे का हे शोधून झालं आहे, तशी सापडली नाही. पण टिपणं आणि मूळ मांडणी त्यातून परत येत नाही. करारात 'सॉफ्टवेअर डिलिव्हरी' एवढंच लिहिलेलं होतं. सोर्स कोड, बिल्ड फाइल, डेटाबेसचा पूर्ण बॅकअप, रूटचा पासवर्ड आणि डोमेनची मालकी या पाच गोष्टी शेवटच्या हप्त्याच्या आधी मिळतील, असं त्यात कुठेच नव्हतं.