कॅसेटी डिजिटल करून घेतल्या, तीन स्टार आणि तेही दुसऱ्या फेरीचे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या जवळ एक दुकान आहे, कॅसेट, व्हीएचएस वगैरे डिजिटल करून देतात. नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांनी काम परत करून दिलं. आईच्या १४ कॅसेटी दिल्या होत्या. आई माधव संगीत महाविद्यालयात शिकली, नंतर घरी गणपतीत बैठक व्हायची ती बाबा टेपवर भरून ठेवायचे, सगळं १९८६ ते ९१ मधलं, मधेमधे कुकरच्या शिट्ट्या आणि आजीचं "दार लावा गं" सकट.

कॅसेटमागे २५० रुपये, म्हणजे ३५००. आठ दिवसांत पेन ड्राइव्ह मिळाला, सगळ्या फाइल फ्लॅक. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दीदी, फ्लॅक है, इससे ऊपर कुछ नहीं." मला पण तेवढंच माहीत होतं, की एमपी३ दाबलेलं असतं नि फ्लॅकमध्ये काही जात नाही, त्यामुळे खूश होऊन घरी आले आणि आईला हेडफोन लावून दिला. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हा तानपुरा कोणाचा गं? पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा वाटतोय."

आधी वाटलं वय झालं, कान गेले असतील. मग मी ऐकलं आणि खरंच, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झंकार, जी अशी भुरभुरत वर जाते ती नव्हतीच, तिच्या जागी पाण्याखालून आल्यासारखी खळखळ, आणि वरच्या सा वर आवाज फाटत होता. फाइलची साइज बघितली तर ९० मिनिटांच्या कॅसेटची चांगली ४०० एमबीच्या आसपास, म्हणजे संशय घ्यायला जागाच नाही ना!

माझ्या मुलानं घरी ऑडासिटीत (आवाजाच्या फाइलींचं सॉफ्टवेअर) उघडून स्पेक्ट्रोग्राम दाखवला, म्हणजे खाली जाड आणि वर बारीक आवाज दाखवणारं चित्र. खालून छान रंग आणि बरोबर १६ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखी सपाट रेघ, वर सगळं काळं. कॅसेटची खरखर अशी कापलेली नसते, ती वर जाता जाता हळूहळू विरते. अशी रेघ १२८ केबीपीएसच्या एमपी३ची ठरलेली खूण, एन्कोडर आधी वरचा भाग टाकून देतो आणि उरलेल्यातलंही जे कानाला एरवी झाकलं जातं ते काढतो. एमपी३ म्हणून ठेवलं असतं तर ती कॅसेट ८६ एमबीत बसली असती. यांनी एमपी३ करून मग त्याचं फ्लॅक केलं होतं! पातळ केलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तर पातेलं मोठं दिसतं, दूध तेच. एक्स्टेंशन बदलून गेलेलं परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. आधी "मशीनच तशी आहे" वगैरे झालं. मशीन बघितली तर ती कॅसेट घातली की सरळ पेन ड्राइव्हवर एमपी३ लिहिणारी स्वस्तातली, त्यांचं फ्लॅक नंतर कॉम्प्युटरवर व्हायचं. सुदैवानं मालक (वयस्कर, स्वतः गाणं ऐकणारे, तानसेन समारोहाला दरवर्षी जाणारे) आत आले, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि मुलाला तिथेच झापलं. मागच्या खोलीत त्यांचा जुना कॅसेट डेक होता, तो त्यांनी बाहेर काढला, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) स्पिरिटनं पुसलं, आणि मग हेडशेजारचा बारीक स्क्रू कॅसेट चालू ठेवून केसाएवढा फिरवला. त्याला ॲझिमथ म्हणतात म्हणे, हेडची फट टेपला बरोबर काटकोनात यावी लागते. खरंच सांगते, खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज झाला आणि आईच्या शब्दांतलं "स" ऐकू आलं. कुठल्याही फॉरमॅटपेक्षा जास्त फरक त्या एका स्क्रूनं पडला.

मग रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजायचा), लेव्हल कमी ठेवून, म्हणजे तान जोरात आली तरी वर जागा शिल्लक राहते, फाटत नाही. ९६ किलोहर्ट्झचे प्रत्येकी १०० जास्त सांगत होते, ते नाही घेतलं. सीडीचे ४४.१ सुद्धा २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरतात, माणसाचा कान फार तर २०, आणि आमच्या वयात तेवढाही नाही. १६ बिटनं पण ९६ डेसिबलची रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) मिळते, साध्या कॅसेटची पन्नास-साठच्या आत असते. २४ बिट घेतलं ते फक्त नंतर खरखर कमी करताना हाताशी जागा असावी म्हणून.

एमपी३ला मी नावं ठेवत नाहीये हं. पुण्याच्या मावशीसाठी दुसऱ्या फेरीच्या फ्लॅकवरून ३२० केबीपीएसच्या एमपी३ केल्या, डोळे मिटून दोन्ही ऐकल्या, मला तरी ओळखता आलं नाही, शिवाय ती ऐकणार ब्लूटूथ स्पीकरवर, तिथे आवाज परत दाबला जातोच. पण मूळ कॉपी एकदाच होते, टेप परत परत चालवायची नसते, तेव्हा ती तरी पूर्ण हवी.

एक स्टार कापला पहिल्या फेरीबद्दल, एक वेळेबद्दल (आठ दिवसांचे छत्तीस झाले). कॅसेटी द्यायला जाल तर आधी एकच करून घ्या, सरळ वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) मागा आणि कुठल्या मशीनवर करताय ते डोळ्यांनी बघा. आणि ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घरून न्या, त्यांचा महाग पडतो.

आईनं परवा भूप पूर्ण ऐकला. म्हणाली, आता तानपुरा आपला आहे, पण पंचम मी तेव्हाही जरा उतरलाच लावला होता.