टोयोटा एटीएफ डब्ल्यूएस: तेल उत्तम, भरणं नाजूक
एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, डब्ल्यूएस ही त्याची जात. इनोव्हा क्रिस्टाच्या ६ गिअरच्या ऑटोमॅटिकला हेच तेल घाला. टोयोटाच्याच जुन्या टी-फोर (T-IV) जातीच्या तेलात मात्र मिसळू नका.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी नाही, खरी मेख तिथेच आहे. गाडी सपाट जागी हवी. आधी भरायचा बोल्ट सुटतो का पाहा, मगच खालचा तेल काढायचा ड्रेन बोल्ट उघडा. निघालेलं तेल मोजून तेवढंच नवं भरा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) जुनं तेल आतच राहतं. इंजिन चालू ठेवून गिअर लिव्हर प्रत्येक जागी फिरवा. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाचं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअस दिसलं की ओव्हरफ्लो बोल्ट, म्हणजे जादा तेल बाहेर सोडणारा बोल्ट काढा. धार संपून थेंब पडू लागले की पातळी बरोबर. याहून जास्त तापलेलं तेल फुगतं, तेव्हा बोल्ट काढला तर जास्त वाहून जातं आणि पुढे गिअर घसरतात. बोल्टचा वॉशर नवाच लावा.